नकाराचे पत्र

राजघराण्यातल्या बाईच्या लग्नावर आपल्या त्रैमासिकात लिहिण्याचे कारण काय, असे एका ज्येष्ठ मित्राने विषय ऐकताच विचारले. त्यांच्या सुरात राग नव्हता, कंटाळा होता. कंटाळा रास्तच आहे. राण्यांची आसवे पुसायला मराठीत रुमालांची कधीच टंचाई नव्हती. ऐतिहासिक कादंबरीने, नाटकाने आणि अलीकडे दूरचित्रवाणीच्या मालिकांनी ते काम मनोभावे केले आहे. रणजित देसाई यांच्या 'स्वामी'ने (1962) माधवराव पेशव्यांची रमा मराठी मध्यमवर्गीय घराघरांत नेऊन बसवली. ती एवढी लाडकी होण्याचे एक कारण असे, की ती 1772 साली थेऊरला नवऱ्याच्या चितेवर चढली. चितेवर चढलेली स्त्री या वाचकाला चालते. बोहल्यावर चढायलाच नकार देणारी चालते काय, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. म्हणून बडोद्याच्या इंदिराराजे गायकवाड यांनी 1911 साली लिहिलेल्या एका पत्राविषयी, आणि त्या पत्राची गोष्ट ज्या तऱ्हेने सांगितली गेली तिच्याविषयी, मी हे लिहीत आहे.

आधी हकीकत. इंदिराराजे या महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) आणि महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) यांच्या कन्या. जन्म 1892 चा. त्यांचे लग्न ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्याशी ठरले. गायकवाड आणि शिंदे ही मराठ्यांची दोन बलाढ्य संस्थाने, सोयरीक तोलामोलाची. वर सोळा वर्षांनी मोठा, आणि त्याची पहिली पत्नी हयात होती. तिला मूल नव्हते, गादीला वारस हवा होता. ग्वाल्हेरच्या जनान्यात पडदा कडक. इंदिराराजे वाढल्या युरोपचे प्रवास करणाऱ्या, मुलींना शिकवणाऱ्या घरात. लग्नाची तयारी चालू असताना डिसेंबर 1911 मध्ये दिल्ली दरबार भरला. तिथे कूचबिहारचे राजकुमार जितेंद्र नारायण यांच्याशी इंदिराराजेंचा परिचय वाढला. त्यांनी आईबापांना न सांगता माधवरावांना पत्र लिहिले, की मला हे लग्न करायचे नाही. ग्वाल्हेरहून बडोद्याला तार आली, राजकन्येच्या पत्राचा अर्थ काय म्हणून. घरच्यांना मुलीच्या मनातले कळले ते या तारेने. पुढे वर्ष-दीड वर्ष झगडा चालला. शेवटी 1913 साली लंडनमध्ये इंदिराराजे आणि जितेंद्र यांचे लग्न ब्राह्मो पद्धतीने झाले. मुलीचे आईबाप हजर नव्हते.

ही गोष्ट आज जगाला ठाऊक आहे ती मुख्यतः त्यांच्या मुलीमुळे. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांनी सांता रामा राव यांच्या साहाय्याने लिहिलेले 'अ प्रिन्सेस रिमेम्बर्स' हे आत्मचरित्र 1976 साली निघाले आणि त्यात आईच्या या बंडाची कहाणी आली. पुस्तक वाचनीय आहे, यात शंका नाही. हत्ती, शिकारी, शेकडो नोकर, विलायतेच्या वाऱ्या, यांच्या मधोमध आईबापांचे प्रेम एखाद्या चित्रपटासारखे उलगडत जाते. आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे. कहाणी प्रेमाची होते आणि प्रेमाची झाली रे झाली, की तिच्यातला नकार दुय्यम ठरतो. मुलीला दुसरा कोणी आवडला म्हणून तिने पहिल्याला नाही म्हटले, एवढाच अर्थ उरतो. जितेंद्र भेटलेच नसते तर? एका बाईच्या डोक्यावर दुसरी बायको म्हणून जाणे, पडद्यात बसणे, वारस देण्यासाठी निवडले जाणे, एवढ्या गोष्टी नाकारण्यासाठी पुरेशा नव्हत्या काय? आपल्याकडे स्त्रीच्या नकाराला तेव्हाच किंमत येते, जेव्हा तिच्या पाठीशी दुसरा पुरुष उभा असतो. नुसते 'मला नको' हे कारण धरले जात नाही.

मराठी मनाला तर ही रचना चांगलीच ओळखीची आहे. विदर्भाच्या राजकन्येचे, कौंडिण्यपूरच्या रुक्मिणीचे लग्न भाऊ रुक्मी याने शिशुपालाशी ठरवले आणि तिने कृष्णाला पत्र पाठवले, ही कथा महानुभाव कवी नरेंद्राने गायिली, महदाइसेच्या धवळ्यांत ती आली, एकनाथांनी 1571 साली 'रुक्मिणीस्वयंवर' लिहून ती घरोघर नेली. म्हणजे सक्तीच्या लग्नाला लेखणीने नकार देणारी राजकन्या ही आमच्या संस्कृतीची सातशे वर्षांची मिरास आहे. मग त्या कथेचे आम्ही काय केले? लग्न लवकर जमावे म्हणून उपवर मुलींना 'रुक्मिणीस्वयंवरा'ची पारायणे करायला लावली! घरच्यांनी ठरवलेला नवरा नाकारणाऱ्या मुलीची पोथी, घरच्यांनी ठरवलेला नवरा मिळावा म्हणून वाचायची. धर्मव्यवस्था विद्रोह चिरडते असे आपण नेहमी म्हणतो. ती पुष्कळदा तो चिरडत नाही, त्याचे व्रत करून टाकते. शिवाय रुक्मिणीला माफी मिळाली, कारण वर देव होता. कूचबिहारचा जितेंद्र देव नव्हता. तो मराठाही नव्हता.

आता खऱ्या मुद्द्याकडे येऊ. बडोद्याच्या राजवाड्याला हे लग्न का नको होते? ग्वाल्हेरशी दिलेला शब्द मोडला, हे एक. जितेंद्र धाकटा मुलगा, गादीचा मालक त्याचा थोरला भाऊ, हे दुसरे. ते घराणे फार साहेबी वळणाचे, हे तिसरे. आणि ते मराठा नव्हते. गायत्रीदेवींच्या पुस्तकात ही कारणे येतात आणि पुढच्या वळणावर कथा त्यांना मागे टाकून निघून जाते. आपल्याला तसे निघून जाता येणार नाही.

कूचबिहारचे राजघराणे कोच वंशाचे. दरबारी वंशावळींनी त्यांना शिवाचे वंशज केले, क्षत्रिय म्हटले. राजे झाल्यावर सगळ्यांनाच एखादा देव पूर्वज म्हणून सापडतो. पण त्याच प्रदेशातला मोठा राजबंशी समाज सवर्ण बंगाल्यांच्या लेखी हलकाच राहिला. पंचानन बर्मा यांनी 1910 साली क्षत्रिय समिती स्थापून राजबंशींना क्षत्रियत्व मिळवून देण्याची चळवळ उभी केली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत हजारो राजबंशींनी जानवी घातली. म्हणजे बडोद्याच्या महालात जितेंद्रच्या कुळाची मोजदाद चालली होती, त्याच सुमारास त्याच्या मुलखातला शेतकरी गळ्यात दोरा घालून आपण माणसांत आहोत हे सिद्ध करू पाहत होता. तोच राजबंशी समाज आज पश्चिम बंगालच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहे. जानव्याने जे दिले नाही, ते घटनेच्या यादीने थोडेफार दिले. आपल्याकडेही महारांच्या क्षत्रियत्वाचे दाखले शोधणारे होते. बाबासाहेबांनी आपल्याला त्या वाटेवरून वेळीच परत आणले, हे आपले भाग्य.

आणि मोजदाद करत कोण होते? खानदेशाच्या शिवेवरच्या कवळाणे गावच्या शेतकरी घरातून 1875 साली दत्तक आणलेला गोपाळ, म्हणजेच सयाजीराव! ज्या घराण्यांना ब्राह्मणांनी वेदोक्ताचा अधिकार नाकारला, शूद्र ठरवले, त्यांतलेच हे एक. कोल्हापुरात शाहू महाराजांना तो अपमान पुरता भोगावा लागला, बडोद्यातही तो वाद झडला. वरच्याने आपल्याला खाली ढकलले याची चीड ज्याला आहे, त्याला खालच्याशी सोयरीक करण्याची तयारी असतेच असे नाही. उलट दिसते असे, की जखम जितकी ताजी तितकी जपणूक जास्त. बाबासाहेबांनी जातींच्या उतरंडीबद्दल जे सांगितले, वर चढती श्रद्धा आणि खाली उतरता तिरस्कार, ते इथे एका सुधारकी राजवाड्याच्या दिवाणखान्यात चालताना दिसते.

सयाजीरावांबद्दल कृतघ्न होण्याचा माझा हेतू नाही. तो अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. अस्पृश्यांसाठी शाळा, 1904 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा, 1906 चे सक्तीचे प्राथमिक शिक्षण, 1931 चा हिंदू घटस्फोटाचा कायदा ही त्यांची कामे ब्रिटिश हिंदुस्थानच्या कितीतरी पुढे होती. आणि 4 जून 1913 रोजी भीमराव आंबेडकर या तरुणाने बडोदे सरकारशी करार केला तो त्यांच्यामुळेच: दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि नंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी. जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले. त्याच 1913 साली लंडनला राजाच्या मुलीचे लग्न राजाच्या गैरहजेरीत लागले. एका तिजोरीतून एका अस्पृश्याला समुद्रापार पाठवणारा हात तोच, मुलीच्या डोक्यावर अक्षता टाकायला न आलेला हातही तोच.

यात विसंगती आहे असे वरवर पाहणारा म्हणेल. मला ती विसंगती वाटत नाही. शिष्यवृत्ती देण्याने जात मोडत नाही, शाळा काढण्यानेही मोडत नाही. बाबासाहेबांनी हे बडोद्याच्याच पैशावर शिकत असताना सांगितले. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी हिंदुस्थानातील जातींवरचा निबंध वाचला. त्याचा गाभा हा, की जातीचे मूळ लक्षण म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. आणि ते टिकवायचे तर बाईवर ताबा हवा. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या तीन चाली त्यासाठी आल्या. नवरा मेला तर बाई जाळा किंवा कोंडा, आणि मुलगी स्वतःचे मन जाणण्याच्या आत तिला बांधून टाका. पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने हे मांडले तेव्हा त्याच्या अन्नदात्याच्या घरात त्या सिद्धान्ताचा प्रत्यक्ष प्रयोग नुकताच फसला होता. मुलगी एकोणीस वर्षांची होईपर्यंत बिनलग्नाची ठेवली, तिला शिकवली. झाले, तिला मन फुटले!

निबंधात बडोद्याचा उल्लेख नाही, आणि बाबासाहेबांच्या मनात ते लग्न होते असे मी सुचवत नाही. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या उजेडात वाचल्या पाहिजेत एवढेच म्हणते. आणि तसे वाचताना 1917 देखील विसरू नये. करार पाळायला बडोद्याला आलेल्या त्याच विद्वानाला राहायला जागा मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्यांनी हाकलले आणि एका बागेत झाडाखाली बसून त्याने अश्रू ढाळले. राजाचा हुकूम कचेरीपर्यंत चालतो. घराचा उंबरठा आला की जात स्वतःचा हुकूम चालवते, मग ते घर भाड्याचे असो की राजाचे.

चिमणाबाईंचे प्रकरण मला याहून अवघड वाटते. देवासच्या घाटग्यांची ही मुलगी, मूळ नाव गजराबाई, 1885 साली चौदा वर्षांची असताना सयाजीरावांची दुसरी पत्नी झाली. लग्नाने नाव बदलून पहिल्या, मेलेल्या राणीचेच नाव तिला दिले. आयुष्यभर दुसरीच्या नावाने वावरलेली ही बाई पुढे शिकली, पडदा सोडला, आणि 1911 साली हिंदुस्थानी स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत एक ग्रंथ सहलेखकाच्या जोडीने लंडनला प्रसिद्ध केला. 1927 साली पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेची अध्यक्षाही तीच. आणि मुलीच्या नकाराने सर्वांत जास्त दुखावली तीच! ग्रंथ 1911 चा, पत्र 1911 चे. आईने सगळ्या स्त्रियांसाठी लिहिले, मुलीने स्वतःसाठी. छापील ग्रंथाने राजवाड्यातला एक पडदाही हलला नाही, दोन ओळींच्या पत्राने दोन संस्थाने हलली. आपल्या चळवळीतल्या व्यासपीठावरच्या बाया आणि बाप्ये, दोघांनीही यावर विचार करायला हरकत नाही. मुलीच्या लग्नापर्यंत येऊन थांबणारे परिवर्तन आपल्याही ओळखीचे आहे.

त्याच दिल्ली दरबारात सयाजीरावांनी बादशहापुढे रीतसर तीनदा न वाकता एकदाच मान लववली आणि पाठ फिरवली, याची केवढी चर्चा झाली! इंग्रजी वृत्तपत्रांनी आग पाखडली, देशभक्तांनी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या, आणि इतिहासाने त्याला स्वाभिमान म्हणून नोंदवले. त्याच आसपास मुलीने ग्वाल्हेरला पाठ दाखवली, त्याला घराण्याची बेअब्रू म्हटले गेले. बापाचा नकार राजकारण, मुलीचा नकार भानगड. आपल्या इतिहासलेखनाची ही सवय जुनीच आहे.

पण एवढे म्हणून थांबलो, तर आपणही राजकन्येच्या प्रेमात पडलो असे होईल. नकार द्यायला काय काय लागते याचा हिशेब मांडला पाहिजे. लिहिता येणे, आणि लिहिलेले पत्र घराबाहेर पोचवणारे विश्वासाचे माणूस. नकार दिल्यावर उपाशी न मरण्याची खात्री. आणि पळून जायला एक दुसरा देश, जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही. इंदिराराजेंकडे हे सगळे होते. या उपनगरातल्या ज्या महाविद्यालयात मी मराठी शिकवते, तिथे द्वितीय वर्षाच्या वर्गात मी ही हकीकत सांगितली. घाटकोपर, विक्रोळी, भांडुपच्या वस्त्यांतली मुले-मुली. एक मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली, "मॅडम, तिच्याकडे लंडन होतं. आमच्याकडे फार तर कल्याण. आणि कल्याणला माझी मावशी राहते." वर्ग हसला. मला त्या उत्तरात मराठी समीक्षेच्या पुष्कळ पानांपेक्षा अधिक समाजशास्त्र दिसले. विशेष विवाह कायद्याने लग्न करायचे तर तीस दिवसांची नोटीस फलकावर लागते, नाव-पत्त्यासकट. हा 1954 चा कायदा ज्याचा वारस आहे, तो 1872 चा कायदा केशवचंद्र सेन यांच्या ब्राह्मोंच्या खटपटीने झाला; आणि त्यात मुलीचे किमान वय चौदा ठरलेले असताना, सेनांनी स्वतःची मुलगी सुनीती ही 1878 साली, चौदा पुरी व्हायच्या आत, कूचबिहारच्या राजाला दिली. ब्राह्मो समाज त्यावरून फुटला. सुनीतीदेवी म्हणजे जितेंद्रची आई, इंदिराराजेंची सासू. सुधारकांच्या घरातल्या लग्नांचा स्वतंत्र इतिहास कोणीतरी लिहायला हवा.

नकाराची किंमत काय असते हे पाहायचे तर राजवाड्यातून बाहेर यावे लागते. मुंबईत सुतार जातीतल्या रखमाबाईचे अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न लावले होते. तिने त्याच्याकडे नांदायला जाण्याचे नाकारले. 1884 साली त्याने दावा लावला. 1885 साली न्या. पिन्ही यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, तो अपिलात फिरला, आणि मार्च 1887 मध्ये न्या. फॅरन यांनी सांगितले, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती म्हणाली, तुरुंगात जाईन. टिळकांच्या 'केसरी'ने तिच्याविरुद्ध धर्माचा कैवार घेतला. 1888 साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, मग ती विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आली. तिच्या पाठीशी डॉक्टर सावत्र बाप होता, सुधारक होते, हे खरे. पण तिच्या नकारामागे दुसरा पुरुष नव्हता, म्हणून त्या नकाराची प्रेमकथा करता आली नाही आणि लोकांना तो पचला नाही. तिनेही लिहिलेच होते: 1885 साली 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या नावाआड बालविवाहावर पत्रे. स्वतःच्या नावाने लिहिण्याची सोय तिलाही नव्हती.

आणखी खाली या. फलटण हे निंबाळकरांचे संस्थान, शिवाजी महाराजांच्या सईबाईंचे माहेर. त्याच फलटणमध्ये बेबी कांबळे राहिल्या आणि 'जिणं आमुचं' त्यांनी नवऱ्यापासून लपवून लिहिले. वर्षानुवर्षे ते कागद दडवून ठेवले. 1982 साली 'स्त्री' मासिकातून ते येऊ लागले, 1986 साली पुस्तक झाले. त्यात महारवाड्यातल्या आठ-दहा वर्षांच्या सुना आहेत. पहाटे उठून दळणारी, भाकरी बिघडली म्हणून मार खाणारी, माहेरी पळाली म्हणून पायात लाकडाचा खोडा अडकवलेली पोर आहे. नाक कापलेल्या बाया आहेत. त्यांनीही नकार दिला होता. रात्री पायी पळून जाणे हे त्यांचे पत्र. ते पत्र दरवेळी माहेरच्यांनीच परत आणून सासरी पोचते केले. बेबीताईंचे मोठेपण असे, की हे सांगताना त्यांनी सगळा दोष गावावर ढकलून आपल्या पुरुषांना आणि सासवांना मोकळे सोडले नाही. ज्याला कुठेच सत्ता नाही, तो सुनेवर सत्ता चालवतो, हे त्यांनी आपल्या तोंडावर सांगितले. आपल्यातल्या काही समीक्षकांना ते तेव्हा रुचले नाही, आजही रुचत नाही.

माझ्या आईचे लग्न बीड जिल्ह्यात ती पंधरा वर्षांची असताना झाले. तुला विचारले होते का, असे मी मोठी झाल्यावर तिला विचारले. ती म्हणाली, "इचारलं की. साडी हिरवी घ्यायची का लाल, म्हणून." ती हे विनोदाने सांगते. मी पदवीधर झाले, आमच्या घरातली पहिली. माझ्या पदवीदानाला ती हिरवी साडी नेसून आली होती.

आंतरजातीय लग्न झाले म्हणजे प्रश्न सुटतो, असेही समजू नये. कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट'मध्ये (1981) संस्कृतची कहाणी आहे. संस्कृतात उत्तम गुण मिळवूनही सोमकुवर आडनावाच्या महार मुलीला नोकरी मिळत नाही; मराठा कुळातल्या पावडे यांच्याशी लग्न झाल्यावर ती मिळते. नोकरी कोणाला मिळाली, सोमकुवरला की पावडेला, हा त्यांचा सवाल बोचत राहतो. इंदिराराजेंचे उलटे झाले. मराठा म्हणून जन्मल्या, कोच घराण्यात गेल्या, आणि राणीच राहिल्या. जितेंद्रचा भाऊ 1913 सालीच वारला, धाकटा म्हणून नाकारलेला जावई महाराज झाला. 1922 साली तोही वारला आणि तिशीतली विधवा मुलाच्या नावाने राज्य पाहू लागली. वैधव्याने तिला कोंडले नाही, कारण तिच्याकडे संस्थान होते. पुढची वर्णने तिच्या साड्यांची, जुगाराच्या टेबलांची, आणि फेरागामो या इटालियन चांभाराने तिच्यासाठी केलेल्या रत्नजडित चपलांची. (त्याला सगळे कलावंत म्हणतात. आपल्याकडे चपला करणाऱ्याला काय म्हणतात ते आपल्याला ठाऊक आहे.) त्या चपलांचे पैसे राजबंशी कुळांच्या शेतसाऱ्यातून आले, हे त्या वर्णनांत येत नाही.

आज जोडीदार निवडण्याची शिक्षा कोणाला होते तेही पाहू. जानेवारी 2013 मध्ये सोनईला मेहतर समाजाच्या तीन तरुणांना मारून टाकण्यात आले; एप्रिल 2014 मध्ये खर्ड्याला शाळेत शिकणाऱ्या एका दलित मुलाला. कारण मराठा मुलीशी प्रेम, किंवा त्याचा नुसता संशय. खर्ड्याच्या खटल्यात 2017 साली आरोपी निर्दोष सुटले. या दोन्ही ठिकाणी मुलीही होत्या. त्यांना काय हवे होते, हे कोणी नोंदवले? आपल्या निषेधसभांतही त्या मुली एक 'कारण' म्हणूनच उरल्या. आणि आपल्याच वधूवर सूचक मेळाव्यांत, बुद्धवंदना झाल्यावर, पोटजातीचा रकाना रिकामा ठेवणारे अर्ज किती असतात, हे ज्यांनी ते मेळावे भरवले आहेत त्यांनी सांगावे.

शेवटी ग्वाल्हेरची बाजू राहते. गायत्रीदेवींच्या कथेतून ती तार पाठवून नाहीशी होते. पण तिथली जागा रिकामी राहिली नाही. माधवराव शिंद्यांच्या थोरल्या राणी चिंकूराजे त्याच महालात होत्या, मूल नाही म्हणून सवत पाहण्याची वाट बघत. पुढे गोव्याच्या राणे घराण्यातली मुलगी ग्वाल्हेरला दुसरी राणी म्हणून आली, गजराराजे. 1916 साली तिला मुलगा झाला, गादीला वारस मिळाला. इंदिराराजेंनी जे नाकारले ते कोणाला तरी पत्करावे लागलेच. राजघराण्यातल्या मुलीबरोबर दासी पाठवण्याची चाल होती. कोणाकोणाच्या मुली कोणत्या महालात गेल्या, त्यांची लग्ने झाली की नाही, याचे आत्मचरित्र कोणी लिहिले नाही. आणि नाकारणारीच्या मुलीने, गायत्रीदेवींनी, 1940 साली जयपूरच्या महाराजांची तिसरी राणी होणे पसंत केले, दोन राण्या महालात असताना. स्वतःच्या निवडीने! आईने जिथे जायचे नाकारले तिथे मुलगी प्रेमाने गेली, आणि ते पुस्तक दोन्ही गोष्टी एकाच गोड सुरात सांगते.

इंदिराराजे 1968 साली मुंबईत वारल्या. गजराराजे यांचे नाव ग्वाल्हेरच्या वैद्यकीय महाविद्यालयाला आहे. चिंकूराजे यांच्यासंबंधी वाचायला मिळते ते एवढेच, की त्या पहिल्या राणी होत्या आणि त्यांना मूल नव्हते.